लेव्हल लावलेली चूल

प्रतापनगर, नागपूर
२४ जुलै १९७७

तीर्थस्वरूप रुपरावजी यांना आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे चंद्रभानचा, वाकून नमस्कार. आपल्या वडिलांचा, म्हणजे मामाजींचा, दमा आणि तांबड्या गाईचा पाय, दोन्ही उताराला लागले असतील. माझी प्रकृती खोकला सोडला तर ठीक आहे. गोपिका बरी असेलच. (तुम्ही पत्र ओसरीवर मोठ्याने वाचता आणि ती सूप घेऊन दाराआड बसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर जरा सुधारून काढतो आहे.)

पत्राचं कारण चूल. मे महिन्यात एका रविवारी गोपिका शेजारी पापड लाटायला गेली होती आणि मी घरी रिकामा होतो. मी पडलो हिंगण्याच्या कारखान्यातला फिटर. काही वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. तिच्या चुलीवरचे तीन उंचवटे एकसारखे नव्हते, त्यामुळे वर ठेवलेलं पातेलं, म्हणजे आपला गंज, किंचित डावीकडे कलायचा. मी लेव्हल काढली, कानस घेतली आणि तासाभरात तिन्ही उंचवटे घासून चुलीचा माथा सपाट केला. गंज ठेवून पाहिला, तर लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध! एवढं सफाईचं काम मी कारखान्यातही केलेलं नाही. गोपिका आली, तिने पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. (ती बोलली असती तर मी निभावून नेलं असतं.) लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुमच्या तळ्याची माती आणून तिने ती चूल स्वतः थापली होती, हे मला कानस हातात घेण्याआधी आठवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी म्हणून ती एस.टी.त बसली. त्याला आता अकरा आठवडे झाले.

तेव्हापासून चूल पेटत नाही, नुसती धुमसते. आधी मी लाकडांना दोष दिला. लाकडाच्या टालावरून सुकी बाभूळ विकत आणली, तरी तेच. मग फुंकणी घेतली. फुंकून झाल्यावर श्वास घ्यायचा तो फुंकणीतूनच घेतला, आणि अर्धा तास अंगणात खोकत बसलो. मग टेबलफॅन लावला. जाळ निघाला नाही, पण सगळी राख वरणात आली. (खाल्लं. उपाय काय!) शेवटी पत्र्याचं धुराडं बनवून भिंतीतून बाहेर काढलं. ते नेमकं शेजारच्या तुळसाबाईच्या वाळवणावर निघालं. ती फणफणत आली.

"काहून गा चंद्रभानभाऊ, मले धूर काहून पाठवून राहिले?"

मी तिला चूल दाखवली. तिने कपाळावर हात मारला. "गंजाखालून हवा जाईन, तवा न जाळ निघन! ते उंचवटे तिनं शोभेले ठेवले होते का?"

रुपरावजी, सतरा वर्षं मी यंत्रं दुरुस्त करतो आहे, पण त्या दिवशी मान वर करता आली नाही. तिच्या हाताला जे कळत होतं ते मी कानसीने घासून टाकलं. चुकलं माझं. हे वाक्य कृपया दोनदा वाचावं, एकदा दाराकडे तोंड करून. आणि उंचवटे किती बोटं उंच ठेवायचे, मातीत भुसा किती घालायचा, तेवढं तिला विचारून कळवावं.

मामाजींच्या पायांवर डोकं ठेवतो.

आपला,
चंद्रभान

ता. क. अधिक महिना लागून आठवडा झाला. जावयाला धोंडे खायला बोलावल्याचं पत्र बहुधा टपालात अडकलं असावं. मी काही मानापानाचा माणूस नाही, पण पुढच्या शनिवारी-रविवारी रजा टाकून ठेवली आहे. येताना एकटा येईन. जाताना दोन तिकिटं काढायची इच्छा आहे.

आणखी ता. क. हे मनातल्या मनात वाचावं. उंचवट्यांची मापं नकोत. तुळसाबाई बोलली त्याच दिवशी मी मातीचे तीन गोळे लावले. पंधरा दिवस झाले, चूल एका काडीत पेटते, धुराचं नाव नाही. पण गोपिकाला सांगू नका. माझं तिच्यावाचून निभतं असं तिला वाटेल. निभत नाही हो. परवा भाकरी पहिल्यांदाच टम्म फुगली आणि मी हरखून "गोपिका, पाह्य वं!" म्हणून ओरडलो. ओ दिली ती भिंतीपलीकडून तुळसाबाईने.