समोरच्या दाराचा कडू घास

कापूरहोळ,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रतनला थोरल्या जावंचा आशीर्वाद.

आमी हितं समदी बरी हाओत, तुमी बी आसाल. फोनवर तुला एक सांगावं तर तू दुसरंच ऐकतीस, आन् मी वरडले की शिवानीला वाटतं सासूबाई भांडत्यात. म्हणून लिहून धाडते. चष्मा लावून वाच, उगं अंदाजानं वाचू नकोस.

हनुमंताची कंपनी चांगली चाललीया. शिवानी बी सकाळी डबा घिऊन कामावर जाती ती दिवे लागल्यावर येती. सून गुणाची हाय, मला गॅसपाशी उभी राहू देत न्हाई. नळाला पाणी, वर चढायला लिफ्ट. आणखी काय पायजे बाईमाणसाला? दुपारची मी गॅलरीत बसून साताऱ्याकडं जाणाऱ्या गाड्या बघते. लई गाड्या जात्यात बाई.

हां, आमच्या समोरच्या दारातलं म्हातारं परवा वारलं. लिफ्टमधी भेटलं की मान हालवायचं, तेवढीच वळख.

मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, कडू घास शेजारानंच न्यायचा, व्हय का न्हाई? घरात मी एकटीच. म्या पिठलं केलं, भाकरी थापल्या, परातीत घालून फडक्यानं झाकल्या आन् दार उघडं ठिवून बसले. मंडळी स्मशानातनं आली तशी परात घिऊन गेले. लेक शिकलेला, रीतीनं बोलला. म्हणाला, "आजी, जेवण मागवलंय आम्ही. तुम्ही कुणाकडे आलात?"

कुणाकडं! अगं, दाराला दार लागून ऱ्हाते मी, गेल्या सालच्या दिवाळीच्या बी आदीपासनं. म्या बोटानं माझं दार दावलं. त्यानं हात जोडलं, "सॉरी आजी" म्हणाला आन् दार लावून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं, बाप गेलेला त्याचा.

माघारी आले. अन्न टाकवंना, म्हणून मीच खायला बसले. पयल्या घासालाच रडू फुटलं बघ. ते म्हातारं माझं कोण लागत हुतं? रतने, मला भ्या वाटतंय गं. उद्या मी हितंच गेले तर हनुमंताच्या दारात भाकरी घिऊन कोण ईल?

पोराला कुठल्या तोंडानं सांगू? लई हौसेनं आणलं त्यानं मला. आन् मी बी गावात तोरा मिरवून निघाले, आता माझी मी कशी येऊ? तवा तू तुझ्या बंडूला धाड. भात कापणीला माणूस कमी पडलंय, थोरल्या आईला न्यायला आलोय, आसं त्याला बोलायला सांग. हनुमंत न्हाई म्हणायचा न्हाई. मुराळी माहेरचा आसतो, सासरला न्यायला कुणी येत न्हाई, मला ठावं हाय. तरी धाड.

माझं घर गळालं आसंल तर तुझ्या पडवीत निजंन. लई दिस न्हाई, मरंपतूर.

भावजींना आठवण सांग. ह्यातलं काय त्यास्नी सांगू नकोस.

तुझ्या शेजारच्या दारातली,
सगुणा