दक्षिणेची मिरची

प्रिय बाबा,

आधी तुमचा आशीर्वाद मागतो. उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत अख्खा उन्हाळा घालवला. रागावू नका.

मी मजेत आहे. इथलं कॉलेज उघडलं, त्यामुळे दक्षिणेतल्या या लास क्रूसेस गावच्या रस्त्यांवर पुन्हा माणसं दिसतात. सुट्टीत इथे नुसती धूळ नांदते. काल वाऱ्यानं एका प्रोफेसरांची टोपी थेट... बरं, ते राहू दे. मी युफेमियाबाईंच्या दुकानापुढे मिरच्या भाजतो. परगावची पोरं पहिल्याच घासाला आईला हाका मारतात.

आई अजून माझ्यावर रुसलेलीच का? शाळा सोडली ते तिनं पचवलं. पण आपल्या उत्तरेतल्या, मिरचीसाठी नावाजलेल्या चिमायो गावचा मुलगा दक्षिणेची मिरची विकतो म्हटल्यावर वर्षभर अबोला! तुम्हीच समजवा ना तिला.

थांबा, कोणीतरी आलंय.

बाबा, आईला शोधत फिरू नका. ती बसनं इथे आलीय, घरच्या तिखटाची पिशवी घेऊन. दोन मिरच्या चाखून युफेमियाबाईंना म्हणाली, "ही मिरची? ही तर भाजी!"

"मग तिसरी कशाला उचललीत?" बाई म्हणाल्या.

आईचे डोळे पाण्यानं भरले. माझ्याकडे वळून ओरडली, "बघतोस काय गाढवा, पाणी आण!"

बोलली, बाबा!

तुमचा,
एलोय