ताराचा पळस

८ जानेवारी १९३७

निजामी शाळा, त्यामुळं शुक्रवारची सुट्टी. सातवीच्या नऊ मुली घेऊन शिवारात गेले. आया कुरकुरल्याच! साऱ्या जुन्या जालन्यातल्या आडत्यांच्या लेकी. डोळे मिटून मुठीतली ज्वारी जुनी की नवी ते सांगतात, आणि उभ्या ज्वारीपाशी नेलं तर म्हणे, "बाई, हा ऊस का?" मला हसू आवरेना. तारा मात्र हसली नाही. कणसावरून हात फिरवत राहिली. "घरात एवढी पोती, अन् हिला आज बघून राह्यले." मलाच ओशाळल्यासारखं झालं.

२२ जानेवारी

प्रत्येकीनं एक झाड निवडायचं, दर शुक्रवारी पाहायचं, वहीत लिहायचं. बाकीच्यांनी आंबा, चिंच धरली. ताराला बांधावरचा उघडाबोडका पळसच हवा — त्याचं फूल कधी पाहिलं नाही म्हणून. "फुलला की वही पुरी, बाई." वेडी पोर! फार जीव लावलाय तिनं मला.

२ फेब्रुवारी

ताराचं लग्न ठरलं. जाफराबादचं स्थळ. घराबाहेर पाऊल बंद.

५ फेब्रुवारी

तिच्या आईकडे, झुंबरबाईंकडे जाऊन आले. म्हटलं, पळस फुलेल त्या दिवशी एकदाच पाठवा. "बिलकुल न्हाई. हळद लागायची पोर रानात हिंडली तर लोक काय म्हनतील?" मी तोंडाची फटकळ. तुम्ही स्वतः कधी उंबरा ओलांडला असता तर कळलं असतं, असं बोलून बसले. आतल्या दाराशी तारा उभी होती. घरी येईपर्यंत स्वतःला बोल लावत होते.

१९ फेब्रुवारी

कळ्या आल्यात — काळपट, मऊ. अजून आठवडा तरी लागेल. जरा घाई कर रे बाबा.

२५ फेब्रुवारी

तारा सासरी गेली. पाया पडताना हळूच विचारलं, "फुलला का?" नाही म्हणावं लागलं. वही आईपाशी ठेवून गेली, शेवटचं पान कोरंच. मी रडले. या पानापासून काय लपवायचं?

५ मार्च

सकाळी मुली जमल्या, आणि दारात झुंबरबाई! एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्यात ताराची वही. "मला बी न्या, बाई. माहेर सुटलं तसं रान बघितलं न्हाई. सतरा वर्सं झाली." बांधाशी आल्यावर वहाणा काढल्या. एकेका गवताचं नाव सांगत पुढं चालल्या. मुली त्यांच्या मागं, सगळ्यांच्या मागं मी.

पळस फुलला होता. त्या बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या, मग वही माझ्यापुढं धरली.

"मला लिव्हता येत न्हाई. हितं लिव्हा — केशरी हाय. आईनं बघितला."