एका हातानं उचललेली वीज

वन्सं,

नमस्कार. तब्येतीची चौकशी करायची रीत आहे म्हणून करते, पण परवा फोनवर तुमचा आवाज ऐकला त्यावरून तुम्ही ठणठणीत आहात. भावोजींची तब्येत तुमच्यासमोर जेवढी बरी राहू शकते तेवढी असेलच. तुम्ही म्हणालात, महिनाअखेरपर्यंत जिन्याला कठडा लागला नाही तर गाडी घेऊन येते आणि आईला कायमची माझ्याकडे नेते, माझ्या घरात जिनाच नाही. एवढं बोलून फोन ठेवलात. म्हणून लिहिते. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

कठडा निखळून आई पडल्या तेव्हापासून खाली उतरल्या नव्हत्या, हे खरं. वर बसून काठी आपटायच्या आणि मी धावायचे. पण आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. वेल्डिंगवाला म्हणाला, "उद्या येतो, ताई." त्याचा उद्या अजून उगवायचाय. दुसरा आला, तो जिना बघून म्हणाला, एवढ्याशा कामाला सामान कोण हलवणार, फाटक करायचं असेल तर बोलवा. (म्हणजे कठड्यासाठी आधी फाटक मोडायचं!) शेवटी तुमचे भाऊ म्हणाले, आपणच वेल्डिंगचं मशीन घेऊ, घरात सारखं काहीतरी मोडतंच, कधी खाटेचा पाय, कधी बिजागरी. त्यांच्या तोंडून शहाणपणाचं वाक्य आलं म्हणून मी गाफील राहिले, तेवढ्यात ते एक जुनं मशीन घेऊन आलेसुद्धा.

मशीन कसलं, लोखंडी पेटारा. चार माणसं लागली उतरवायला. ह्यांचं म्हणणं, घ्यायचं तर दणकट घ्यावं. बटण दाबलं, आत भुंगा कोंडल्यासारखा आवाज झाला आणि घराचे दिवे गेले. आमचे गेले त्याचं काही नाही, शेजारणीचेही गेले, आणि ती डोक्यावरून अंघोळ करत होती. साबणाच्या डोक्यानं गॅलरीत येऊन ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, आलात की सांगेन.

पेटारा परत करायला मी बरोबर गेले. दुकानदार ह्यांना ॲम्पियर समजावत होता आणि हे, सगळं कळल्यासारखी मान हलवत होते. मी म्हटलं, "भाऊ, ते राहू द्या. घरच्या साध्या प्लगवर चालेल, पातळ पाइपाला भोक पाडणार नाही आणि मला एका हातानं जिन्यावर नेता येईल, असं दाखवा." हे माझं कोपर दाबत होते. मी एकेक मशीन उचललं, उलटं केलं, टिचकी मारून बघितलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, कलिंगड आहे का ते?" मी म्हटलं, "कलिंगड असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं. दोन तुकडे जोडून दाखवा."

वन्सं, काय सांगू. त्यानं काळ्या काचेचा मुखवटा दिला. तो लावला की ठार अंधार. दुकान नाही, रस्ता नाही, हे नाहीत (तेवढंच सुख). मग त्यानं वेल्डिंगच्या काडीचं टोक टेकवलं आणि त्या अंधारात लोखंडाचं एक डबकं दिसलं. वाटाण्याएवढं, थरथरणारं, सूर्याच्या पोटातून काढून आणल्यासारखं. लोखंड, वन्सं! ते पाण्यासारखं पुढे सरकत होतं आणि मागून गोठत होतं. कुठला तुकडा कुठे संपला ते सांगता येईना. जन्मभर विस्तवाशी काम केलं, मला वाटायचं त्याची माझी ओळख आहे. कसली ओळख! नुसतं दारावरून जाणं-येणं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. (हे म्हणतात, त्या दुकानदाराचा सत्कार करायला हवा.) शब्द परत आला तेव्हा मी हातोडा मागितला आणि जोडावर घातला. पट्टी वाकली, जोड हलला नाही. तेच घेतलं. शिवणयंत्रापेक्षा हलकं, आणि पोटात एवढी वीज!

घरी आल्यावर पहिला मान ह्यांचा. काळ्या काचेतून काडी कुठे टेकवायची ते दिसेना, तर मुखवटा वर करून म्हणाले, "जरा बघतो." बघितलं. रात्री डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं, डॉक्टरांनी पट्टी बांधली. आता कठडा कोण करणार? मी हातमोजे चढवले.

आधी काडी चिकटली, लांबच्या पाहुण्यासारखी, हलेचना. मग पाइपाला भोक पडलं. जुन्या भंगारावर हात बसेपर्यंत काड्यांचा खच पडला. आईंना दार लावून आत बसवलं होतं, बघायचं नाही म्हणून. पण दाराखालून निळा उजेड गेला की काठी आपटून विचारायच्या, "अगं, जिना आहे का गेला?" माझे जोड सरळ नाहीत, सुरवंट चालत गेल्यासारखे आहेत. पण धरतात. मी स्वतः लोंबकळून बघितलं, आणि माझं वजन तुम्ही जाणता.

काल आई उतरल्या. एक पायरी, कठडा गदागदा हलवला, मग दुसरी. मी खाली हात पसरून उभी. शेवटच्या पायरीवर त्यांनी जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वाकडं आहे. तुझंच आहे, कळतं." मग शेजारणीच्या दारात जाऊन म्हणाल्या, "सुनेनं केलाय, बघून जा." (मला ऐकू गेलं नाही असं त्यांना वाटतं. कमी त्यांना ऐकू येतं, मला नाही.)

तुमची भावजय

ता. क. कायमचं न्यायचं बोलू नका. आई तुमच्या आहेत, मान्य. पण मला भांडायला दुसरं कोण आहे? हे पहिल्याच वाक्याला हरतात.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना आईंनी विचारलं काय लिहिलंस, म्हणून वाचून दाखवलं. तर म्हणाल्या, "मला विचारलंस का? आता उतरता येतंय, तर लेकीकडे जाऊन येते." बॅगही भरली. खाली आणायला मलाच लावली. तेव्हा गाडी घेऊन याच. फक्त परत कधी आणून सोडणार तो वार मला आधी कळवा. आणि मी विचारलं, हे त्यांना सांगू नका.