काही न घडल्याचा पुरावा

प्रिय धाकट्या,

तुझे पत्र येऊन सतरा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर मी आजवर कोणाच्याही बाबतीत केलेला नाही, तेव्हा कारण देणे भाग आहे. तुझ्या पत्रातले एक वाक्य मी तुला न विचारता उचलले आणि एका सरकारी निकालपत्रात घातले. तो निकाल मान्य होईपर्यंत तुला काही कळवणे मला प्रशस्त वाटेना. परवा तो मान्य झाला. वाक्य कोणते, ते शेवटी सांगते. आधी शेवटचे पान काढून पाहू नकोस. कोड्यांच्या पुस्तकातली उत्तरे तू आधी वाचायचास, हे माझ्या लक्षात आहे.

माझ्या जुन्या कार्यालयाने, म्हणजे ज्या अभिलेख संस्थेत मी अठ्ठावीस वर्षे विधी अधिकारी होते तिने, दोन महिन्यांपूर्वी मला परत बोलावले. तिथल्या देखभाल आणि साहाय्यक कर्मचाऱ्यांची मागणी होती की त्यांच्या वेतनश्रेण्या नव्याने ठरवाव्यात. संस्थेचे म्हणणे होते की श्रेण्या नियमानुसार आहेत. दोन्ही बाजूंना चालेल असा लवाद हवा होता, आणि माझे कोणाशीच फारसे गूळपीठ नसल्यामुळे दोन्ही बाजूंना मी चालले. ही माझी स्तुती नव्हे, हे मला समजते.

पहिल्याच दिवशी फाइल उघडली. वादाचे मूळ एका कलमात होते. ते असे: ‘काम म्हणजे तक्रारवहीत क्रमांकासह नोंदलेली आणि पूर्ण झालेली दुरुस्ती. श्रेणी अशा नोंदींच्या संख्येवरून ठरेल.’ भाषा नेटकी, एकही शब्द जास्तीचा नाही. मनात म्हटले, कोणीतरी बरे लिहिले आहे. पान उलटले, तर टिपणाखाली माझीच सही. चौतीस वर्षांपूर्वीची, शाई अजून काळीभोर.

लपवण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोन्ही बाजूंना एकत्र बसवून सांगितले की हे कलम माझे आहे, आक्षेप असल्यास मी बाजूला होते. संस्थेची बाजू मांडणारा लेखाधिकारी, चाळिशीतला एक सभ्य गृहस्थ, बिचारा स्वतःच्या चपलांकडे पाहू लागला. कर्मचाऱ्यांच्या बाकावर मात्र हशा पिकला. सफाई विभागातल्या एक मावशी आहेत, त्यांच्या गटाच्या पुढारी. त्या म्हणाल्या, बरंच झालं की बाई, आमच्या घरी ज्यानं सांडलं त्यानंच पुसायचं असतं. झाले, माझी नेमणूक कायम झाली.

त्यानंतर तीन आठवडे मी जे ऐकले ते तुला सविस्तर सांगायला हवे, कारण तुला ते माझ्याहून चांगले समजेल. तक्रार आली तर काम, नाही आली तर नाही. म्हणून पश्चिमेकडची लिफ्ट, जी आठवड्यातून तीनदा अडकते, तिचा माणूस वरच्या श्रेणीत. पूर्वेकडची कधीच अडकत नाही, तिचा माणूस खालच्या श्रेणीत. दोघे सख्खे साडू आहेत आणि एकाच डब्यातले जेवतात, म्हणून प्रकरण हातघाईवर आले नाही इतकेच. वीज विभागातल्या बाईंनी खाली मान घालून कबूल केले की महिनाअखेर नोंदी कमी पडल्या तर त्या वाचनालयातले दोन दिवे अर्धा आटा सैल करून ठेवतात. कोणीतरी तक्रार करते, मग त्या शिडी घेऊन येतात आणि ते घट्ट करतात. लेखाधिकाऱ्याने विचारले, हे किती वर्षं चाललंय? त्या म्हणाल्या, साहेब, वाचनालयात तुम्ही बसता त्याच टेबलावरचा दिवा असतो, तुम्हीच तक्रार करता. मावशींनी तर मलाच पेचात टाकले. जिना लख्ख असला की तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून श्रेणी नाही. तर उद्यापासून तिसरी पायरी तेवढी घाण ठेवू का, तुम्हीच लिहून द्या. न्यायासनावर बसलेल्या माणसाने हसू नये असा माझा दंडक आहे. तो त्या दिवशी मोडला.

पण खरा प्रश्न होता तळघरातल्या काकांचा. त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांच्याच वयाचे लिफ्टवालेसुद्धा. संस्थेचे सगळे जुने कागद तळघरात असतात आणि त्यांच्या डोक्यावरून इमारतीचे पाण्याचे नळ जातात. हा आराखडा कोणत्या शहाण्याने केला ते फाइलीत नाही. पंप, नळ आणि एक्केचाळीस व्हॉल्व्ह बावीस वर्षे एकट्या काकांकडे आहेत. या बावीस वर्षांत तक्रारवहीत त्यांच्या नावावर एकही नोंद नाही. म्हणून ते नोकरीला लागले त्याच तळच्या श्रेणीत आहेत, आणि येत्या वर्षअखेरीस त्याच श्रेणीतून निवृत्त होणार होते. निवृत्तिवेतनही त्यावरच ठरणार. मी कलम कायम ठेवले असते, तर त्यांचे उरलेले आयुष्य माझ्या चौतीस वर्षांपूर्वीच्या दोन वाक्यांवर चालले असते.

मी त्यांना विचारले, तुम्ही रोज काय करता? त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, फिरतो. बस, एवढेच. लेखाधिकाऱ्याने ते शब्दशः लिहून घेतले.

धाकट्या, त्या क्षणी माझ्यासमोर काका राहिले नाहीत. आपले जेवणाचे टेबल आले. तू नुकताच इस्पितळाच्या बॉयलरवर लागला होतास. मी विधिशाखेतून पहिली आलेली, जिभेला धार लावून बसलेली. बाबांनी कौतुकाने तुझ्या कामाबद्दल विचारले आणि मध्येच मी म्हणाले, दिवसभर तू काय केलंस ते एका वाक्यात सांग. तू म्हणालास, लक्ष ठेवलं. मी म्हणाले, लक्ष ठेवणं ही क्रिया आहे, काम नव्हे; कामाला फळ लागतं, ते दाखव. आई ‘पुरे गं’ म्हणाली. तू ताटातला घास तसाच ठेवून उठलास. वाद मी जिंकले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी मला कामाची व्याख्या लिहायला सांगितली गेली, आणि ती मी कुठून घेतली हे तुला आता सांगायला नको.

तेव्हा यावेळी मी काकांना पुढचा प्रश्न विचारला नाही. चला, तुमच्याबरोबर फिरते, म्हटले.

गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून मी एक्केचाळीस व्हॉल्व्ह पाहिले. काका प्रत्येकावर तळहात ठेवतात, जरा थांबतात, कुठे पाव आटा फिरवतात, कुठे तेलाचा थेंब सोडतात. मग शेजारच्या भिंतीवरची खडूने लिहिलेली कालची तारीख फडक्याने पुसतात आणि आजची लिहितात. असे रोज. मी विचारले, जुनी का पुसता? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कालचे ताट आज का धुता असे विचारले होते. म्हणाले, जुनी ठेवली तर नवी कुठं लिहू? म्हणजे बावीस वर्षांचा पुरावा हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसून टाकत होता, आणि त्याला पुरावा म्हणतात हे त्याच्या गावीही नव्हते. उरला होता तो फक्त प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी भिंतीवर बसलेला पांढरा गोल. तो मी बोटाने पुसून पाहिला. निघत नाही.

लेखाधिकाऱ्याचा आक्षेप वाजवी होता: पांढऱ्या गोलावरून माणूस फिरतो एवढेच सिद्ध होते, नळ मुळातच चांगले असतील, मग फिरण्याने काय साधले? तू हसशील, पण मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याशी नीट वाद घालत होते. आमच्या जुन्या तर्कशास्त्रात एक प्रमाण सांगितले आहे: एखादी वस्तू नाही हेसुद्धा ज्ञान असते, मात्र अट अशी की ती असती तर दिसलीच असती. मी अभिलेखपालांकडून भिजून खराब झालेल्या कागदांच्या वार्षिक याद्या मागवल्या. ते लोक कागदावर एक डाग पडला तरी चार ओळी लिहितात. ओल आली असती तर दिसलीच असती. काकांच्या आधी दरवर्षी यादी होती. ते आल्यानंतरच्या याद्या कोऱ्या आहेत. एक वर्ष सोडून.

त्या एका वर्षाने मला दोन दिवस झोपू दिले नाही. मग तळघराची तक्रारवही पुन्हा मागवली. काकांच्या नावावर नोंद नव्हती, पण वहीत एक नोंद होती, बावीस वर्षांतली एकमेव. क्रमांक एक: अमुक नळ फुटला, तीन गठ्ठे भिजले, नळ दुरुस्त केला. सही बदली कामगाराची. हजेरीपट काढला. काकांच्या मुलीला पहिले बाळ झाले होते आणि ते अकरा दिवस रजेवर होते. नळ नवव्या दिवशी फुटला. आणि माझ्या कलमाप्रमाणे त्या तळघरात बावीस वर्षांत काम केले असे धरायचे तर ते एकट्या त्या बदली कामगाराने.

मी ती वही आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून लेखाधिकाऱ्यापुढे सरकवले. त्याने दोनदा वाचले. मग पेनाला टोपण लावले आणि म्हणाला, ताई, माझा आक्षेप संपला. इतके दिवस तो मला ‘महोदया’ म्हणत होता.

निकाल बावीस पानांचा झाला. आता प्रत्येक विभागाने आपली फेरी आपल्या शब्दांत लिहायची, श्रेणी त्या फेरीवरून आणि सेवेच्या वर्षांवरून ठरेल, आणि तक्रारींची संख्या वाढणे हे यापुढे भूषण मानले जाणार नाही. अकरा जणांची श्रेणी बदलली. काकांची दोन पायऱ्यांनी चढली. दिव्यांच्या बाबतीत मी कोणावरही ठपका ठेवला नाही. ज्या कलमाने माणसाला चांगला दिवा सैल करायला लावले, दोष त्याचा, असे नमूद केले. आणि कलमकर्तीचे नाव लिहिले. संचालकांनी सुचवले होते की नाव गाळता येईल. मी कळवले की गाळता येणार नाही.

परवा सही झाल्यावर त्या लोकांनी मला तळघरात नेले. नळांच्या मधोमध खुर्च्या मांडल्या होत्या, वाचनालयातून ढापलेल्या. चहा होता, मावशींचे भाषण होते, साडूंनी एकमेकांच्या लिफ्टची यथेच्छ निंदा केली. दिवे सगळे घट्ट होते; लेखाधिकाऱ्याने वर पाहून खात्री करून घेतली आणि वीजवाल्या बाईंनी त्याला बिस्किटांची बशी आधी दिली. मग काकांनी पहिल्या व्हॉल्व्हशेजारची तारीख पुसली आणि खडू माझ्या हातात दिला. मी माझ्या नेहमीच्या अक्षरात तारीख लिहिली. काका दोन पावले मागे गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, फार बारीक आहे, टॉर्चच्या उजेडात लांबून वाचता आलं पाहिजे. आणि त्यांनी ती पुसली. मी पुन्हा लिहिली, वीतभर उंचीचे आकडे, पहिलीतल्या मुलीसारखे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा मजकूर आजवर न्यायाधीशांनीही बदललेला नाही. तो एका पंपवाल्याने फडक्याने पुसला आणि मी घरी येईपर्यंत गुणगुणत होते. शेजारीण विचारत होती, काही विशेष का?

आता तुझे पत्र. तू लिहिलेस की येत्या अठ्ठावीस तारखेला तू निवृत्त होतोस, इस्पितळवाले छोटा समारंभ करणार आहेत, वहिनी मला बोलवायचे म्हणून मागे लागल्या आहेत, पण मी प्रवासाचा त्रास घेऊ नये. पुढे लिहिलेस: ‘ताई, बोलण्यासारखं काही नाही. छत्तीस वर्षांत माझ्या पाळीत कधीच काही घडलं नाही.’ हे वाक्य मी निकालाच्या चौदाव्या परिच्छेदात घेतले आहे, ‘एका बॉयलरचालकाच्या शब्दांत’ असे म्हणून, आणि त्याखाली लिहिले आहे की देखभालीच्या कामाची याहून अचूक व्याख्या लवादाला सापडली नाही. छत्तीस वर्षे त्या इमारतीत शस्त्रक्रियेची हत्यारे उकळत्या पाण्यातून निघाली, थंडीत बाळे उबेत राहिली, आणि कोणाला तुझे नाव विचारावे लागले नाही. ते फळ मी त्या दिवशी ताटासमोर मागितले होते. ते माझ्यासमोर होते. मला दिसले नाही.

तेव्हा मी येते आहे. सत्तावीस तारखेच्या दुपारच्या गाडीचे तिकीट काढले आहे, ते परत करता येत नाही, म्हणून हरकत घेण्यात अर्थ नाही. समारंभात मला दहा मिनिटे बोलू द्यावे असे तुझ्या वरिष्ठांना परस्पर कळवले आहे. निकालाची एक प्रत आणते आहे. ती वहिनींकडे दे, तू हरवशील. पण समारंभाआधी, अठ्ठावीसला सकाळी लवकर, मला तुझी बॉयलरची खोली पाहायची आहे. सगळी फेरी, पहिल्या काट्यापासून शेवटच्या नळापर्यंत, तुझ्या चालीने. आणि चालता चालता, धाकट्या, दिवसभर तू काय करतोस ते मला सांग. लागतील तितकी वाक्ये घे. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
एक वाद हरलेली
ताई