इद्रिसच्या निकाहाला उंट

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी वेडिंग प्लॅनर झालो. दुपारी, लिफ्टमध्ये.

व्हाइटफील्डच्या सोसायटीत बारशाच्या खुर्च्या परत आणायला गेलो होतो. लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या वेदिका मॅडम, पुण्याच्या. त्यांच्यासोबत दरवाजाएवढा उंच सुदानी पोरगा आणि त्याच्या कोपराला लागेल एवढी पोरगी, डोक्याला गुलाबी रुमाल. बोलणं चाललेलं की डिसेंबरात निकाह करायचाय, दोघांचंही इथं कोणी नाही, कसं करायचं. मी खुर्च्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, मी आहे ना. दस्तगीर मुलाणी. शंभर निकाह बघितलेत.

बघितलेत म्हणजे जेवलोय. पण क्लायंटसमोर एवढं बारीक सांगायचं नसतं.

पोरगा इद्रिस. शिकायला आला, नोकरीला राहिला. पोरगी रत्ना, इंडोनेशियाची. दोघं वेदिका मॅडमच्याच ऑफिसात, एकाच कॅबनं जायचे. सिग्नलला गाडी एवढी थांबायची की लग्न जमलं. मी विचारलं, मुसलमान आणि नाव रत्ना? वेदिका मॅडम म्हणाल्या, तुम्ही मुलाणी, आणि मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलता, त्याचं काय करायचं? मी वाद घातला नाही. स्टाफशी वाद घालू नये.

वेदिका मॅडम मला असिस्ट करणार आहेत. त्यांना अजून माहीत नाही.

४ नोव्हेंबर

स्टेटस टाकलं: दस्तगीर, वेडिंग प्लॅनर, बेंगळुरू, इंटरनॅशनल.

जुलेखानं बघितलं.

जुलेखा म्हणजे बाबालाल मामूची पोरगी. विट्याला नर्सिंग करते. आमचं लहानपणीच ठरलंय. तिच्याकडून कसं ते माहीत नाही, पण माझ्याकडून पक्कं आहे. अडचण फक्त मामूची. मामू एसटीत कंडक्टर होता, त्यामुळं त्याला माणूस एका सीटवर बसलेला लागतो. पुणे, गोवा, हुबळी, मग इथं, असं माझं ऐकलं की म्हणतो, हा पोरगा स्टॉप यायच्या आधीच उतरतो.

आता उतरणार नाही. हे लग्न दणक्यात करायचं, मामूला बोलावून दाखवायचं, तिथंच जुलेखाचं बोलून टाकायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली मिटिंग. वेदिका मॅडम, इद्रिस, रत्ना, मी. मी स्टुलावर बसलो. सगळं दिसायला पाहिजे म्हणून.

माझा प्लॅन सांगितला. गेटवर थर्माकोलची कमान, आत धुराचं मशीन, डीजे, दोघांची नावं लायटिंगमध्ये. वेदिका मॅडम म्हणाल्या, छान. काझीसाहेबांची वेळ घेतली का? मी म्हणालो, ते होतंय. मग म्हणाल्या, साक्षीदार दोन लागतात ना? मी म्हणालो, मॅडम, ह्या बारक्या गोष्टी माझ्यावर सोडा.

प्रॉब्लेम वेगळाच निघाला. रत्नाकडं नवऱ्यानं कबूल एका दमात म्हणायचं असतं. मध्ये अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. इद्रिस म्हणाला, आमच्याकडं वडीलधारेच वकील म्हणून बोलतात, नवरा आरामात बसतो. रत्ना म्हणाली, आराम नंतर कर. इद्रिस म्हणाला, नंतर तू करू देशील? दोघं हसायला लागले. मी वेळ वाया जाऊ दिला नाही. निर्णय दिला: स्टेजवर दोन माइक.

१२ नोव्हेंबर

सोसायटीचं पत्र. क्लबहाउस मिळेल. डीजे नाही, धूर नाही, भिंतीला खिळा नाही. धुरानं फायर अलार्म वाजतो म्हणे.

हरकत नाही. मोठा माणूस अडचणीतच मोठा होतो.

शिवकुमार अण्णाला सांगून टाकलं. खुर्ची-मांडवाचं दुकान त्याचं, मी त्याच्याकडं कामाला. म्हणालो, अण्णा, मी आता प्लॅनिंगमध्ये चाललोय. अण्णा म्हणाला, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. जाताना बसवनगुडीच्या शंभर खुर्च्या टाकून जा.

जळतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आयडिया आली! दाढी करताना.

नवरा सुदानचा. सुदान म्हणजे वाळवंट. वाळवंट म्हणजे उंट. नवरदेव उंटावरून येणार. बेंगळुरूत आजवर कुणी केलं नसेल.

इद्रिसला फोन केला. तो म्हणाला, ब्रदर, मी खार्तूमचा, शहरातला. मी उंटावर पहिल्यांदा बसलो ते इथं, मॅनेजरच्या पोराच्या बर्थडेला. आणि पडलो.

म्हणजे अनुभव आहे.

वेदिका मॅडमचा लगेच फोन. उंट नको. स्पष्ट नको. रत्नाला विचारलंत का? मी म्हणालो, नवरीला एकेक विचारत बसलं तर लग्न कधी व्हायचं? आमच्याकडं नवरीला कोण विचारतं. मॅडम म्हणाल्या, निकाहात तर तिलाच विचारतात ना? मी म्हणालो, ते असंच असतं, फॉर्मॅलिटी.

पुण्याच्या लोकांना पुस्तकातलं फार.

२० नोव्हेंबर

होसकोटेकडचा एक उंटवाला सापडला. उंटाचं नाव राजू. स्वभाव शांत. बुक करून टाकला. सरप्राइज ठेवणार. सरप्राइजला परवानगी लागत नाही.

२५ नोव्हेंबर

मेहरचं ठरलं, म्हणजे नवऱ्यानं नवरीला काय द्यायचं ते. एक अंगठी आणि नमाजाची पांढरी ओढणी. रत्नानंच मागितलं. मी म्हणालो, एवढंच? गेटच्या बोर्डावर लिहायला काहीतरी मोठं मागा. रत्ना म्हणाली, मला बोर्डाशी लग्न करायचं नाही.

ह्या पोरीला लाज कमी आहे. सगळ्यावर तिचं मत असतं. जुलेखा तशी नाही. जुलेखानं मला आजवर एका शब्दानं विरोध केलेला नाही.

खरं तर एका शब्दानं काहीच केलेलं नाही. पण स्टेटस रोज बघते.

३० नोव्हेंबर, रविवार

काझीसाहेबांची वेळ वेदिका मॅडमनी घेतली. सात तारीख, अस्रची, म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली की लगेच. त्यांना त्यानंतर दुसऱ्या निकाहाला जायचंय. रत्नाच्या अब्बांचं पण मॅडमनीच जमवलं: ते तिकडून व्हिडिओवर बसणार आणि मशिदीतल्या एका बुजुर्गांना आपल्या वतीनं वकील नेमणार. जेवणाचंही मॅडमच बघतायत, रत्नाकडचा पिवळा भात वगैरे. मी डेलिगेट केलं.

इद्रिस आज खाली भेटला. दोन साक्षीदारांपैकी एक त्याचा सुदानी मित्र. दुसरा तू हो, म्हणाला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला. इथं माझा भाऊ नाही, तू ये.

हो म्हणालो. पण मनात म्हटलं, साक्षीदार काय, नुसती सही. कुणीही करेल. प्लॅनर एकच असतो.

४ डिसेंबर

थर्माकोलची कमान लिफ्टमध्ये मावली नाही. अर्धी आणली. अर्धीसुद्धा कमानच असते.

६ डिसेंबर, शनिवार

मामू आला. गाडी लेट होती, त्यावरून उतरल्या उतरल्या रेल्वेला बोलला. सोबत शेंगदाण्याची पिशवी. क्लबहाउस दाखवलं. मामूनं अर्ध्या कमानीकडं बघितलं आणि विचारलं, दुसरी बाजू कुठाय? म्हणालो, मॉडर्न आहे. मामू म्हणाला, पडली का?

वेदिका मॅडमनी मामूला चहा दिला. मामू त्यांना म्हणाला, माझा भाचा इथला साहेब का? मॅडम म्हणाल्या, ते आमचे साक्षीदार आहेत. मामू खूश दिसला. मला राग आला. प्लॅनर म्हणायला काय झालं होतं?

उद्या. उद्याच जुलेखाचं बोलणार. उंटावरून नवरदेव उतरला की लगेच.

७ डिसेंबर, रविवार

शांतपणे लिहितो.

दुपारी उंटवाल्याला आणायला गेलो. जाताना मामूला सांगितलं, तू पुढं बस, मी येतोच. राजू टेम्पोतून उतरला. रस्त्याचा शेवटचा तुकडा चालत न्यायचं ठरलं, कारण चालत आल्याशिवाय लोकांना दिसत नाही. मेट्रोच्या खांबापाशी सिग्नल लागला. सगळ्या गाड्या थांबल्या म्हणून राजू बसला. सिग्नल सुटला. राजू सुटला नाही.

उंटवाला म्हणाला, मन झालं की उठतो. मागं ऑफिसच्या कॅबांची रांग. एक रिक्षावाला उतरला, उंटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि उंटाला म्हणाला, स्वल्प ॲडजस्ट माडी, जरा सरकून घ्या. लोकांनी फोटो काढले. ट्रॅफिक पोलिसानं विचारलं, हे कुणाचं? मी उंटवाल्याकडं बोट केलं, त्यानं माझ्याकडं.

वेदिका मॅडमचे फोन येत होते. घेतले नाहीत. काय सांगणार?

राजू उठला तेव्हा दिवे लागले होते. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. रजिस्टरमध्ये पाळीव प्राण्यात कुत्रा आणि मांजर, दोनच. तेवढ्यात इद्रिस आणि रत्ना स्वतः खाली आले. हार घातलेले. निकाह झाला होता.

इद्रिस उंटाकडं बघत राहिला. मग हसला, मला मिठी मारली. रत्नानं राजूसोबत फोटो काढला. मला म्हणाली, तुम्ही नव्हता तेव्हा सगळं वेळेवर झालं. तिला थँक्यू म्हणायचं होतं बहुतेक. भाषा वेगळी पडते.

माझ्या जागी साक्षीदार मामू झाला. काझीसाहेबांना निघायचं होतं. त्यांनी हॉलमध्ये बघितलं, मामूला म्हणाले, बडे मियाँ, आप आइए. मामूच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड होतंच. एसटीची सवय.

८ डिसेंबर, सोमवार

मामू सकाळच्या गाडीनं गेला. स्टेशनवर चहा घेताना बोलायचं म्हणून मी घसा साफ केला, पण मामूच सुरू झाला.

म्हणाला, आयुष्यभर निकाहाला जातोय, दस्तगीर. दरवेळी बाहेर जेवणाच्या डेगीजवळ बसलो. काल पहिल्यांदा आत गेलो. रत्नाला व्यायामाच्या खोलीत बसवलं होतं, पळायच्या मशीनजवळ खुर्ची टाकून. वकीलसाहेब, इद्रिसचा तो सुदानी मित्र आणि मी, तिघं समोर उभे. वकीलसाहेबांनी विचारलं, इतक्या मेहरवर, ह्या माणसाशी, तुला कबूल आहे का? ती लगेच बोलली नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. तिकडं काझी बसलेला, नवरा बसलेला, टीव्हीवर तिचा बाप बसलेला. सगळी गाडी त्या एका पोरीसाठी थांबली होती. मग ती म्हणाली, कबूल. तेवढा शब्द मला कळला. माझ्या डोळ्यात पाणी आलं. तुझ्या मामीला असं विचारलं होतं का, मला आठवत नाही. मी बाहेर मटण बघत होतो.

मी म्हणालो, डेकोरेशन कसं वाटलं?

मामू म्हणाला, कुठलं?

गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडला, घरी जाऊन जुलेखाशी बोलतो!

बोलतो म्हणाला! मी काहीच न सांगता! प्लॅन म्हणतात तो हा. सगळं फिसकटलं तरी मुद्द्याचं काम झालं.

९ डिसेंबर

उंटाबरोबरचा फोटो स्टेटसला. जुलेखानं बघितला. आज पहिल्यांदा हसायची खूणसुद्धा पाठवली.

पगार वाढवून मागायचा. संसार म्हटला की खर्च आला.

११ डिसेंबर

अण्णाशी बोललो. लग्न करतोय म्हणालो. अण्णा म्हणाला, अरे वा, मुलगी काय म्हणते? मी म्हणालो, बापाशी बोलणं झालंय. अण्णानं पुन्हा विचारलं, मुलगी काय म्हणते?

कन्नड माणसं एकच गोष्ट दोनदा विचारतात.

वेदिका मॅडम गेटवर भेटल्या. साक्षीदाराचा विषय काढला नाही. चांगल्या आहेत. माझ्या लग्नात त्यांना परत असिस्ट करायला घेईन.

१७ डिसेंबर, बुधवार

मामूचा फोन आला.

मामूनं जुलेखाला विचारलं. तसंच विचारलं, जसं त्या मशीनजवळ विचारलं होतं. खुर्ची टाकून बसवलं, मामीला आणि चुलत्याला समोर बसवलं, आणि म्हणाला, दस्तगीरचा मला वाटतं विचार आहे, तुला कबूल आहे का? ती लगेच बोलली नाही. मामू थांबला. म्हणाला, मी अजिबात घाई केली नाही, बेंगळुरूत बघितलं होतं ना.

मग ती म्हणाली, नाही.

मामूनं विचारलं, का गं? ती म्हणाली, अब्बा, त्यानं मला कधी विचारलंय? मामू म्हणाला, मग कोणी विचारलंय? तर तिच्या हॉस्पिटलातल्या लॅबचा एक पोरगा आहे, तासगावचा शिकलगार. त्यानं विचारलंय. दोनदा. पहिल्यांदा ही नाही म्हणाली होती.

मी मामूला म्हणालो, विचारायची काय गरज होती?

मामू म्हणाला, तूच दाखवलंस की, बाळा.

निकाह जानेवारीत, घरीच, साधा. मामू म्हणाला, तू यायचंच. ह्या खेपेला साक्षीदार तू. आत जाऊन तिला विचारायच्या वेळी तू समोर पाहिजेस. आणि वेळेवर ये.

मी हो म्हणालो. काय म्हणणार?

थोडं प्लॅनिंग डोक्यात आलं होतं. अंगण छोटं आहे, खुर्च्या कशा लावायच्या वगैरे. तेवढ्यात मामू म्हणाला, थांब, जुलेखाचा तुला एक निरोप आहे.

जुलेखानं मला पाठवलेला हा पहिला निरोप.

उंट आणू नकोस म्हणाली.