घरात माणसं तीन

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोकला गेला, म्हणजे गेल्यात जमा आहे.

परवा आपलं गाव माझ्या टेबलावर आलं. जनगणनेचे कागद तपासायचं माझं काम तुला ठाऊकच आहे. वर लिहिलं होतं: नदीच्या उत्तरेला, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर, लोकसंख्या त्रेसष्ट. चारच? पाय तुटेपर्यंत चालायचो की आपण.

कागदावर आपल्या घरापुढे तीन माणसं होती. मोजायला आलेल्या बाईंना तू बाबांचं नाव सांगितलंस, माझंही. ‘आहेत ना, जरा बाहेर गेलेत’ असं म्हणाली असशील. तुझ्यापुढे कोण बोलणार?

आई, बाबांना जाऊन आठ महिने झाले. मला घर सोडून चार वर्षं. नियमाप्रमाणे मी दोघांवर रेघ मारली. गाव एकसष्टवर आलं. मग मी चहा प्यायलो.

तुझा गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू सोबतीला येतात ना? विहिरीवर एकटी जाऊ नकोस.

एक सांगायचं राहिलं. इथे मोजायला आले तेव्हा मी कामावर होतो. दाराला कुलूप बघून त्यांनी ‘खोली रिकामी’ असं लिहून टाकलं. तो कागद दुसऱ्याच टेबलावर जातो, माझ्या हातात काही नाही.

तेव्हा पुन्हा कुणी विचारलं, तर तू आपली तीनच सांग.

तुझा,
बाळ्या